अचानक निकामी होणारं हृदय आणि प्राण्यांवरच्या औषधचाचण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी औषधशास्त्रातला माणूस. बरीच वर्षं रॅटच्या छातीत डोकावण्यात गेली. सोसायटीतले शेजारी, नातेवाईक आणि एम.फार्म.ला नव्याने आलेली मुलं मला साधारण हेच प्रश्न विचारतात. एकदाची उत्तरं लिहून टाकतो आहे.

हार्ट फेल म्हणजे हार्ट अटॅकच ना?

नाही. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी तुंबते. हार्ट फेल्युअरमध्ये पंपच कमी पडतो. अटॅकमुळे पंप कमी पडू शकतो, पण वाढलेला रक्तदाब, गळकी झडप, स्नायूचा आजार, बिघडलेली लय अशी इतरही कारणं असतात.

अचानक होणारा प्रकार घरातल्यांच्या कायम लक्षात राहतो. रात्री दोन-तीनच्या सुमाराला माणूस धडपडत उठून बसतो. आडवं होता येत नाही, छातीत घरघर वाजते, घाम फुटतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यातला दाब वाढून मागे फुफ्फुसापर्यंत पोचलेला असतो आणि तिथे पाणी झिरपायला लागलेलं असतं. कॅज्युअल्टीत ऑक्सिजन लावतात आणि शिरेतून फ्युरोसेमाइड देतात, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचं लॅसिक्स. रक्तदाब बरा असेल तर वाहिन्या सैल करणारं नायट्रोग्लिसरीन. दाब कोसळलेला असेल तर हृदयाला जोर देणारं डोब्युटामीन किंवा दाब चढवणारं नॉरॲड्रेनलीन. यातलं एकही औषध नवं नाही, आणि पुढचे बरेचसे प्रश्न त्यातूनच निघतात.

धडधाकट प्राण्यात हा आजार आणतात कसा?

प्रत्येक रीत आजाराचा एकेक तुकडाच दाखवते, हे आधी सांगतो.

सगळ्यात रुळलेली रीत म्हणजे रॅटची डावी करोनरी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी, बांधणं. रॅटला पूर्ण भूल देतात, श्वासनलिकेत नळी घालून श्वास यंत्रावर घेतात आणि डाव्या बाजूच्या फासळ्यांमधून छाती उघडतात. माणसाच्या हृदयावर ही नळी वरून दिसते, रॅटमध्ये ती स्नायूत दडलेली असते. त्यामुळे डाव्या कर्णिकेची (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याची) कड आणि फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीचा उगम यांच्या मधला भाग अंदाजाने धरून सुई आत घालायची आणि केसासारख्या रेशमी धाग्याची गाठ मारायची. गाठ बरोबर बसली की हृदयाचा पुढचा भाग डोळ्यांदेखत फिका पडतो, आणि ईसीजीची रेघ वर उचलली जाते. फिका पडला नाही तर नळी सुटली असं समजायचं. बरेच प्राणी पहिल्या चोवीस तासांतच दगावतात, निष्णात हात असला तरी.

कुत्र्यात हृदयाचा पेसमेकर मिनिटाला दोनशेच्या वर चालवतात. तीन-चार आठवड्यांत हृदय फुगतं, दमतं, पोटात पाणी होतं. ही रीत माणसाच्या आजाराच्या बरीच जवळ जाते, फक्त पेसमेकर बंद केला की हृदय बरंचसं सावरतं. आपला रुग्ण असा सावरत नाही. दुसऱ्या रीतीत करोनरीत अगदी बारीक मणी सोडून एकेक छोटी वाहिनी बंद करत जातात, हृदयाची ताकद ठरलेल्या आकड्याखाली येईपर्यंत. हिच्यात हृदय आपोआप सावरत नाही, म्हणून शास्त्रज्ञांना ती आवडते.

काही तासांचाच प्रयोग असेल तर भुलीतल्या कुत्र्याला प्रोप्रॅनोलॉल किंवा पेंटोबार्बिटलचा मोठा डोस देऊन हृदय मंदावतात आणि मग तपासायचं औषध देतात. हे झटपट होतं, आकडे सुबक येतात, आणि माझा त्यांच्यावर सगळ्यात कमी विश्वास आहे. विष देऊन दमवलेल्या निरोगी हृदयाला उठवणं फारसं अवघड नसतं.

उंदीर आणि माणूस यांच्या हृदयात असा काय फरक आहे?

मराठीत दोघांनाही उंदीर म्हणतात, पण प्रयोगशाळेत रॅट आणि माऊस हे वेगळे प्राणी. माऊसचं हृदय मिनिटाला सहाशेच्या घरात धडकतं, रॅटचं साडेतीनशे-चारशे, आपलं सत्तर. सहाशे ठोक्यांच्या हृदयाला आणखी वेग द्यायला जागाच नसते. स्नायूतलं मुख्य प्रथिनही वेगळं असतं. माऊस आणि रॅटमध्ये मायोसिनचा जलद आल्फा प्रकार जास्त, माणसात संथ आणि काटकसरी बीटा प्रकार. मायोसिनवरच काम करणारं औषध असेल तर या फरकाने अख्खा निष्कर्ष फिरतो.

नळ्यांची रचनाही प्राण्यागणिक बदलते. गिनी पिगच्या हृदयात आडवाटा, म्हणजे एका नळीतून दुसरीत रक्त नेणाऱ्या जोडवाहिन्या, इतक्या असतात की एक नळी बांधूनही फारसं काही बिघडत नाही. कुत्र्यातही आडवाटा भरपूर. डुकरात कमी, जवळपास माणसासारख्या. म्हणून अटॅकनंतर कोसळणाऱ्या हृदयासाठी डुक्कर चांगला. पण डुकराचं हृदय भलतंच तापट. नळी बंद केली की लय बिघडून प्राणी टेबलावरच जातो, आणि शॉक द्यायचं यंत्र हाताशी ठेवूनच काम करावं लागतं.

मग डुक्करच का वापरत नाहीत सगळे?

खर्च, जागा आणि कायदा. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की लहान प्राण्यांवर तोच निष्कर्ष मिळत असेल तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग टाळावेत. दयेच्या बाजूने हे रास्तच आहे. पण ‘तोच निष्कर्ष’ मिळतो का, हाच हृदयाच्या बाबतीत वादाचा मुद्दा.

औषध लागू पडलं हे कळतं कशावरून?

रॅटच्या मानेतल्या धमनीतून एक बारीक नळी उलटी सरकवत हृदयाच्या डाव्या कप्प्यात नेतात. नळीच्या टोकाला दाब मोजणारा संवेदक असतो. स्क्रीनवर आधी धमनीचा दाब दिसतो, म्हणजे वरचा साधारण शंभरच्या वर, खालचा ऐंशीच्या आसपास. नळी झडप ओलांडून आत शिरली की खालचा आकडा एकदम शून्याजवळ येतो. शंभरदा पाहिलं तरी त्या क्षणी मान पुढे झुकतेच.

मग तीन गोष्टी बघायच्या. ठोका सुरू होण्याआधी कप्प्यात साचलेला दाब निरोगी रॅटमध्ये पाच-सातच्या आसपास असतो, मोठ्या इजेनंतर वीसच्या वर जातो. फुफ्फुसात पाणी का होतं, ते या आकड्यात दिसतं. दुसरं, ठोक्यात दाब किती झपाट्याने चढतो. हे आकुंचनाच्या जोराचं माप. तिसरं, ठोका संपल्यावर हृदय किती चटकन सैल पडतं. याच्या जोडीला टूडी एको, लघवी किती झाली, आणि शेवटी फुफ्फुसाचं ओलं व सुकं वजन. या शेवटच्या मापाला फक्त तराजू आणि ओव्हन लागतो, पण फुफ्फुसात पाणी किती होतं याचा तो रोखठोक पुरावा.

एक फजिती सांगतो. एका प्रयोगशाळेत आम्ही एका नव्या रेणूवर काम करत होतो. सकाळी सलाईनवाले रॅट, जेवणानंतर औषधवाले. औषधाने ठोके ३८० वरून तीनशेवर आले. हृदयावरचा ताण कमी करणारं औषध सापडलं म्हणून चहा मागवला गेला. मग कुणाचं तरी थर्मामीटरकडे लक्ष गेलं. दुपारी गरम गादी बंद पडली होती आणि रॅटचं अंग ३४ अंशांवर आलं होतं. ठोके औषधाने नव्हे, थंडीने उतरले होते. कोणत्या प्राण्याला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं असतं आणि दोन्ही गट एकाच वेळी चालवले असते तर हे तेव्हाच उघड झालं असतं. प्राण्यांवरचे प्रयोग कसे नोंदवावेत याचे ‘अराइव्ह’ निकष २०१० मध्ये आले, ते अशाच चुकांना आळा घालण्यासाठी.

भूल दिलेली असते ना? दुखतं का त्यांना?

छाती उघडताना पूर्ण भूल असते, नंतर वेदनाशामक देतात. पण शुद्धीवर आल्यावर जो प्राणी हार्ट फेल्युअरने धापा टाकतो तो त्रास सोसतोच. नाही म्हणणारा खोटं बोलतो. म्हणून किती त्रासानंतर प्रयोग थांबवून प्राण्याला शांतपणे मरण द्यायचं, हे आधीच लिहून द्यावं लागतं.

भूल हा प्रयोगातला गुपचूप भागीदारही आहे. झायलाझिन ठोके उतरवतं, पेंटोबार्बिटल आकुंचन दाबतं, आयसोफ्लुरेन रक्तदाब पाडतं. शोधनिबंध वाचताना मी आधी भूल कोणती दिली ते शोधतो.

आपल्याकडे या विषयात काही झालं का, की सगळं परदेशातच?

झालं, आणि तेही मुलुंडमध्ये. सत्तरच्या दशकात होएक्स्ट कंपनीच्या मुलुंडच्या संशोधन केंद्रात भारतीय वनस्पतींचे अर्क हृदयावर आणि रक्तदाबावर तपासले जात होते. त्यात कोलिअस फोर्सकोहली नावाचं झुडूप होतं. त्याची मुळं आपल्याकडे माईनमुळा म्हणून लोणच्यात जातात, गुजराती घरांत गरमर म्हणून. त्या मुळातून एक रेणू वेगळा काढला गेला आणि त्याचं नाव फोर्सकोलिन पडलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतही याच झाडावर काम चालू होतं; तिथल्या रेणूला कोलिओनॉल हे नाव मिळालं.

१९७८ मध्ये लिंडनर, दोहाडवाला आणि भट्टाचार्य यांनी प्राण्यांमधले निष्कर्ष छापले. हृदयाचं आकुंचन जोरदार होत होतं आणि रक्तदाब उतरत होता. अचानक निकामी झालेल्या हृदयाला या दोन्ही गोष्टी हव्याच असतात. पंपाला जोर मिळाला आणि पुढचा अडसरही कमी झाला.

खरी गंमत तीन वर्षांनी कळली. १९८१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सीमन, पॅजेट आणि डेली यांनी दाखवलं की हा रेणू पेशीतल्या ॲडेनिलेट सायक्लेज या विकराला थेट चालू करतो. डोब्युटामीनला आधी पेशीवरच्या बीटा रिसेप्टरचं दार ठोठवावं लागतं. दमलेल्या हृदयात ही दारं कमी झालेली असतात, त्यामुळे डोब्युटामीनचा प्रभाव ओसरतो. फोर्सकोलिन दाराच्या वाटेलाच जात नाही, थेट आतली कळ दाबतं. आज जगभरात पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये त्याची कुपी असते, आणि वापरणाऱ्या बहुतेकांना मुलुंड कुठे आहे ते ठाऊक नसतं.

मूळ रेणू पाण्यात जेमतेम विरघळतो, शिरेतून द्यायला अडचणीचा. जपानच्या निप्पॉन कायाकू कंपनीने त्यापासून पाण्यात विरघळणारं कोलफोर्सिन डॅरोपेट बनवलं. कुत्र्यांवरच्या चाचण्यांनंतर आणि मग माणसांवरच्या चाचण्यांनंतर १९९९ मध्ये ते जपानमध्ये अचानक उद्भवणाऱ्या हार्ट फेल्युअरसाठी बाजारात आलं. जगभर मात्र ते पसरलं नाही. पेशीतली तीच कळ जास्त दाबली की ठोके वाढतात, लय बिघडते, हृदयाला ऑक्सिजन जास्त लागतो. दार टाळलं तरी घर तेच.

प्राण्यांत चाललेली औषधं माणसात का फसतात?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. माझं मत असं, की प्राणी बहुतेक वेळा खोटं बोलत नाहीत. आपण त्यांना चुकीचं विचारतो.

मिलरिनोन घ्या. त्याने हृदयाचा जोर वाढतो, वाहिन्या सैल होतात. हे प्राण्यांतही खरं आणि माणसांतही खरं. तरी १९९१ च्या ‘प्रॉमिस’ चाचणीत, जुनाट हार्ट फेल्युअरच्या १,०८८ रुग्णांत, गोळी घेणाऱ्यांमध्ये मृत्यू २८ टक्क्यांनी जास्त झाले. २००२ मध्ये अचानक बिघडलेल्या सुमारे ९५० रुग्णांना ते शिरेतून देऊन पाहिलं. फायदा नाही, उलट रक्तदाब पडणं आणि लय बिघडणं वाढलं. औषध जे करतं असं सांगितलं होतं ते त्याने केलंच. त्याने माणूस जगतो का, हे भुलीतल्या प्राण्यावर चार तासांत कळणार कसं?

नेसिरिटाइडची गोष्ट लांबलचक. बीएनपी हे संप्रेरक १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावात ‘ब्रेन’ चिकटलं, जरी ते मुख्यतः हृदयातच बनतं. आज दम लागणाऱ्या रुग्णाची एनटी-प्रोबीएनपी तपासणी करतात, ती याच्याच भावंडाची. बीएनपीचं कृत्रिम रूप म्हणजे नेसिरिटाइड; ते २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. २०११ मध्ये ७,१४१ रुग्णांची ‘असेंड-एचएफ’ चाचणी आली. मृत्यू आणि पुन्हा भरती होणं यांत काही फरक पडला नाही. गरोदरपणातल्या रिलॅक्सिनपासून बनवलेल्या सेरेलॅक्सिनचंही तेच. १,१६१ रुग्णांच्या पहिल्या चाचणीने आशा लावली आणि साडेसहा हजारांच्या दुसऱ्या चाचणीने ती संपवली.

प्रयोगातला रॅट तरुण, नर, निर्व्यसनी, एकाच इजेचा आणि औषध कधी मिळणार हे ठरलेला. वॉर्डातली आजी बहात्तरची, मधुमेह, मूत्रपिंडं अर्धी गेलेली, आधीच सहा गोळ्या चालू, आणि दम लागल्यापासून दवाखान्यात यायला अकरा तास. औषध तिच्या हृदयाला लागू पडेलही, पण दाब उतरला तर तिची मूत्रपिंडं बसतील.

उलट उदाहरणही आहे. बॉस्टनच्या फेफर आणि सहकाऱ्यांनी करोनरी बांधलेल्या रॅटना कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध देऊन वर्षभर पाहिलं की जगतात किती. १९८५ मध्ये त्यांनी छापलं की जास्त जगतात. १९९२ मध्ये २,२३१ रुग्णांच्या ‘सेव्ह’ चाचणीत मृत्यू १९ टक्क्यांनी कमी झाले. प्राणी तोच, गाठही तीच. त्यांनी रॅटला विचारलं ते ‘जगलास का’. दाब किती, एवढ्यावर ते थांबले नाहीत. अर्थात हे अटॅकनंतर सावकाश बिघडणाऱ्या हृदयाचं औषध. अचानक निकामी होणाऱ्या हृदयासाठी एवढं सरळ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आणि कधीकधी वाटच वेगळी निघते. एम्पाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचं औषध. मधुमेही रुग्णांच्या २०१५ च्या चाचणीत हार्ट फेल्युअरची भरती कमी झालेली दिसली. २०२२ मध्ये भरती असलेल्या ५३० रुग्णांवर ते देऊन पाहिलं आणि फायदा दिसला. ते हृदयावर नक्की कसं काम करतं हे शोधायला आता पुन्हा रॅट आणि डुकरं कामाला लागली आहेत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

कुत्र्यासाठी चांगलं आणि माणसासाठी नाही, असं औषध आहे का?

पिमोबेंडन, हृदयाला जोर देणारं औषध. झडप गळणाऱ्या कुत्र्यांमध्ये ते उत्तम चालतं. २०१६ ची ३६० कुत्र्यांची ‘एपिक’ चाचणी गाजली. माणसात जपानबाहेर ते जवळपास कुणी वापरत नाही. इथे कुत्रा प्रयोगाचं साधन नव्हता. तो घरचा, नावानिशी ओळखला जाणारा रुग्ण होता, आणि आजार निसर्गाने दिलेला होता.

कुत्रा पाळला असेल तर एवढं करा. तो गाढ झोपला असताना एका मिनिटातले श्वास मोजा. वारंवार तीसच्या वर येत असतील तर त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करा. घरातल्या आजोबांची गोळी अर्धी करून देऊ नका.

रॅटचा डोस माणसाला कसा लावतात? वजनाच्या हिशेबाने?

सरळ वजनाने नाही. लहान प्राणी औषध झपाट्याने संपवतात, म्हणून शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब लावतात. रॅटचा प्रतिकिलो डोस साधारण ६.२ ने भागायचा, माऊसचा १२.३ ने, कुत्र्याचा १.८ ने. रॅटला किलोमागे १० मिलिग्रॅम चाललं तर माणसाला किलोमागे १.६, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ९७ मिलिग्रॅम. आणि सुरुवात त्याच्या दहाव्या हिश्शाने किंवा त्याहूनही कमीने. हा फक्त पहिला अंदाज असतो, हे विद्यार्थी नेहमी विसरतात.

परवानगी कोण देतं?

संस्थेची प्राणी नैतिकता समिती. तिच्यात पशुवैद्य, बाहेरचा शास्त्रज्ञ, विज्ञानाशी संबंध नसलेली एक व्यक्ती आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या सीसीएसईए या समितीचा प्रतिनिधी असतो. जुने लोक तिला अजून सीपीसीएसईएच म्हणतात. रॅट, माऊस, ससे इथवर संस्थेची समिती पुरते. कुत्र्यासारख्या मोठ्या प्राण्यासाठी फाइल दिल्लीला जाते. प्राणी किती लागणार याचं गणित मांडावं लागतं. सगळ्यात टोचणारे प्रश्न बहुधा विज्ञानाशी संबंध नसलेली ती व्यक्तीच विचारते.

प्राण्यांशिवाय होणार नाही का हे?

बरंचसं होऊ लागलं आहे. माणसाच्या मूलपेशींपासून वाढवलेल्या हृदयपेशी बशीत धडकतात. औषधाने लय बिघडेल का, हा धोका त्यांच्यावर आणि संगणकाच्या प्रतिकृतींवर चांगला ओळखता येतो. प्रत्यारोपणात काढलेल्या निकामी हृदयाचे पातळ काप जिवंत ठेवून त्यांच्यावर औषध तपासता येतं. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि भारताने २०२३ मध्ये नियम बदलून अशा पद्धतींना वाट दिली.

पण बशीत फुफ्फुस नसतं, मूत्रपिंड नसतं, घाबरलेला मेंदूही नसतो. अचानक होणारं हार्ट फेल्युअर म्हणजे या सगळ्यांची एकमेकांशी लागलेली भांडणं. निदान या आजारापुरतं, इतक्यात प्राण्यांची सुट्टी होईल असं मला वाटत नाही.

‘प्राण्यांवरील चाचणी यशस्वी’ अशी बातमी आली तर काय बघावं?

प्राणी कोणता, औषध इजेच्या आधी दिलं की नंतर, आणि प्राणी जगले का की फक्त दाब सुधारला. इजेआधी दिलं असेल तर पान उलटा. झटका यायच्या आदल्या दिवशी कुणी दवाखान्यात येत नाही.

माईनमुळ्याचं लोणचं खाल्लं तर हृदयाला जोर येतो का?

नाही. मुळात फोर्सकोलिन अगदी थोडं असतं, आणि लोणच्याची फोड आपण एक-दोनच खातो. प्रयोगातलं औषध शिरेतून, मोजून, मॉनिटर लावून दिलेलं होतं. मात्र वजन कमी करायच्या नावाखाली फोर्सकोलिनच्या कॅप्सूल ऑनलाइन मिळतात. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि हृदयाचा आजार असेल तर लोणच्यात चिंता माईनमुळ्याची नाही, मिठाची करा.